मुद्दाम आणलेली फीट

महाराष्ट्रात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. नाशिक त्यांत नाही. त्यामुळे नाशिककडच्या जुन्या मंडळींत ‘त्याला ठाण्याला नेलंय’ एवढं कुणी दबक्या आवाजात सांगितलं, की ऐकणारा पुढचं विचारत नसे. कसारा घाट उतरून गेलेल्या माणसाचं तिकडे काय करतात, याचं चित्र प्रत्येकाच्या डोक्यात तयार असायचं. लोखंडी खाट, हातापायांना पट्टे, डोक्याला वायरी आणि कळ दाबणारा निर्विकार डॉक्टर. या चित्राला पुढे हिंदी सिनेमाने भरपूर रंग दिला.

आज नाशकात गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत मनोविकारतज्ज्ञांच्या पाट्या दिसतात. आडगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हसरूळला १९९८पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि राज्यातले बहुतेक मनोविकारतज्ज्ञ पदवी घेऊन बाहेर पडतात ते याच विद्यापीठाची. तरीही डॉक्टरांनी ‘ईसीटी’, म्हणजे वीज देऊन फीट आणण्याचा उपचार, हा शब्द उच्चारला की समोर बसलेल्या मुलाचा चेहरा पडतो. “साहेब, गोळ्या वाढवा, महागातल्या द्या, पण आईला करंट नका देऊ.”

मुलाची भीती समजण्यासारखी आहे. या उपचाराचा इतिहास चांगला नाही आणि त्याचे तोटेही खोटे नाहीत. पण अतितीव्र नैराश्यावर आजच्या घडीला मनोविकारशास्त्राकडे जे उपाय आहेत, त्यांत सर्वांत जोरकस हाच आहे. आणि ‘सगळं करून थकल्यावर शॉक’ ही जी रीत पडली आहे, ती रुग्णाच्या मुळावर येते. ही रीत पाळणाऱ्यांत नातेवाईक असतात तसे डॉक्टरही असतात.

आधी आजार कोणता ते नीट पाहू. समजा, निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराच्या घरातली पंचावन्न वर्षांची बाई आहे. बाई कल्पनेतली, लक्षणं मात्र पाठ्यपुस्तकातली. दिवाळीच्या आगेमागे, छाटणीच्या धांदलीत तिची भूक मेली. पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. सकाळ सर्वांत वाईट जाते, दिवस कलला की जरा बरं वाटतं. प्रश्न विचारला तर उत्तर यायला अर्धं मिनिट लागतं, तेही एका शब्दाचं. महिना-दीड महिन्यात वजन आठ-दहा किलोंनी उतरतं. मग एक दिवस ती म्हणते, बागेवर डावणीचा रोग आला तो माझ्या पापामुळे. मुलगा पासबुक दाखवतो, कर्ज फिटलंय म्हणून सांगतो, तिच्यावर काही परिणाम होत नाही. आणखी आठवड्याने ती जेवणाचं ताट सरकवते आणि सांगते, माझी आतडी सडून गेलीत, खाल्लेलं जाणार कुठे?

हा शेवटचा भ्रम नवा नाही. ज्यूल कोतार या फ्रेंच डॉक्टरने १८८० साली अशा एका बाईचं वर्णन केलं होतं. निफाडच्या आणि पॅरिसच्या बाईला एकच गोष्ट पटावी, यावरून एवढं तरी कळतं की हा प्रकार स्वभावाचा, संस्काराचा किंवा मन रमवण्याचा नाही. परीक्षेत कमी गुण पडले म्हणून दोन दिवस उदास झालेल्याच्या आणि या बाईच्या आजाराला आपण एकच नाव देतो, पण त्यांच्यात नावापलीकडे फारसं साम्य नाही.

घरचे काय करतात? बहुधा सुरुवात ‘बाहेरचं काही’ यापासून होते. देवऋषी होतो. मग कुणीतरी त्र्यंबकेश्वर सुचवतं. देशभरातून लोक त्रिपिंडी श्राद्धाला आणि नारायण नागबळीला तिथे येतात, आणि नाशिककरांना तर ते तासाभराच्या अंतरावर. नारायण नागबळीचा विधी तीन दिवसांचा. मी या पूजांची टिंगल करणार नाही. घरातल्या माणसांना त्यातून धीर मिळतो, आणि धीराची गरज त्यांनाही असते. पण त्यानंतर पोटाची सोनोग्राफी, एंडोस्कोपी, टॉनिकची बाटली, आणि मग कधीतरी मनोविकारतज्ज्ञ. तो नैराश्याच्या गोळ्या देतो. या गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात. बाईने तर परवापासून पाणीही सोडलेलं आहे. इथे हिशेब दिवसांचा असतो, आणि ईसीटीचा विचार इथेच व्हायला हवा.

मेंदूत मुद्दाम फीट आणली की मनाचा आजार बरा होतो, हे सुचलं कुणाला? बुडापेस्टच्या लाडिस्लास मेडुना यांना, आणि तेही चुकीच्या तर्कावरून. मेंदूच्या ऊतींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना वाटलं, की अपस्माराच्या रुग्णांत मज्जापेशींना आधार देणाऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या असतात, तर स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत त्या कमी असतात. म्हणजे हे दोन आजार एकमेकांचे वैरी. मग एक आजार आणून दुसरा पळवावा! जानेवारी १९३४मध्ये त्यांनी वर्षानुवर्षं निश्चल पडून असलेल्या एका रुग्णाला कापूर टोचून फीट आणली. काही फेऱ्यांनंतर तो माणूस उठला, बोलू लागला. वैर असल्याचा सिद्धांत पुढे साफ खोटा ठरला, उपचार मात्र टिकला. वैद्यकाच्या इतिहासात असं अनेकदा घडलंय, पण इतकं उघडंनागडं क्वचितच.

कापराची फीट भरवशाची नव्हती. मेडुनांनी कार्डियाझोल हे औषध वापरायला घेतलं, तर टोचल्यापासून फीट येईपर्यंतच्या काही क्षणांत रुग्णाला मरणाची भीती वाटे. पुन्हा टोचायला लोक तयार होत नसत. रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि त्यांचे सहकारी लुचिओ बिनी यांनी विजेचा विचार केला तो या भीतीवर उतारा म्हणून. विजेने भान तत्क्षणी जातं. आज जो उपचार क्रौर्याचा नमुना मानला जातो, तो सुरू झाला तेव्हा आधीच्यापेक्षा दयाळू समजला गेला होता.

सुरुवातीचे प्रयोग कुत्र्यांवर झाले. एक टोक तोंडात आणि एक गुदद्वारात अशी जोडणी असल्याने वीज हृदयातून जाई आणि कुत्री मरत. मग चेर्लेत्तींना कळलं की रोमच्या कत्तलखान्यात डुकरांना विजेने मारतात. ते पाहायला गेले. डुकरं विजेने मरत नव्हती. कानशिलांवर चिमटा लावल्यावर ती आचके देऊन बेशुद्ध पडत आणि त्या अवस्थेत खाटीक सुरी चालवी. सुरी चालवली नाही तर डुक्कर थोड्या वेळाने उठून चालू लागे. एप्रिल १९३८मध्ये रोमच्या रेल्वे स्टेशनवर भ्रमिष्टावस्थेत सापडलेल्या एका माणसावर हा उपचार पहिल्यांदा केला गेला. पहिला झटका कमी पडला, फीट आली नाही, आणि तो माणूस उठून ‘पुन्हा नको, जीव जाईल’ अशा अर्थाचं ओरडला, असं चेर्लेत्तींनी स्वतःच लिहून ठेवलंय. तरीही दुसरा झटका दिला गेला. तो बरा झाला, पण त्याची संमती घ्यावी असं त्या खोलीतल्या कुणाला वाटलं नाही. या उपचाराची पुढची सगळी बदनामी त्या एका सकाळीच पेरली गेली असं मला वाटतं.

कारण पुढची काही दशकं हा उपचार असाच, रुग्णाला न विचारता आणि भूल न देता, दिला गेला. स्नायू सैल करणारं औषध न देता फीट आणली की ते इतक्या जोराने आवळतात की पाठीचे मणके पिचू शकतात. म्हणून खांदे, कंबर, गुडघे धरायला चार-पाच जण लागत. पश्चिमेकडे १९५०च्या दशकात स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन आलं आणि भूल देऊन ईसीटी देण्याची पद्धत रुळली. आपल्याकडे मात्र बिनभुलेची ‘डायरेक्ट ईसीटी’ एकविसाव्या शतकापर्यंत चालू राहिली. कारणं साधी होती: भूलतज्ज्ञ नाही, पैसे नाहीत, रांग मोठी. आणि एक कारण कमी साधं होतं, ते म्हणजे वेड्याला काय कळतंय ही वृत्ती.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका आश्रमाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मेले. सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली. त्याच काळात ‘सार्थक’ या संस्थेच्या याचिकेत डायरेक्ट ईसीटीवर बंदीची मागणी झाली. महाराष्ट्रात या लढ्याचा आवाज पुण्याच्या बापू ट्रस्टचा होता. संस्थेच्या संस्थापक भार्गवी दवर यांच्या आईने मनोरुग्णालयांतलं आयुष्य भोगलं होतं आणि बापू हे तिचंच नाव. भार्गवीताईंचा विरोध फक्त बिनभुलेच्या झटक्यांपुरता नव्हता, एकूण उपचारालाच होता. त्यांचं सगळं म्हणणं मला पटत नाही. पण डॉक्टरांच्या परिषदांत जो प्रश्न कुणी विचारत नव्हतं, तो त्यांनी विचारला: ज्याच्या डोक्याला तुम्ही हे लावताय, त्याचं यावर मत काय? अखेर २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने स्नायू शिथिल करणारं औषध आणि भूल दिल्याशिवाय ईसीटी देण्यावर बंदी आणली. अल्पवयीनांना ती द्यायची तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची आधी परवानगी, दोन्ही आवश्यक केलं. २९ मे २०१८पासून हा कायदा लागू आहे.

आता आजची खोली पाहू.

आदल्या संध्याकाळी बाईला न्हायला सांगतात, शांपूने, आणि केसांना तेल लावू नका असं दोनदा बजावतात. आपल्या बायकांना हे पटत नाही, पण तेलकट कपाळावर इलेक्ट्रोड नीट लागत नाही आणि विजेला अडथळा होतो. रात्रीच्या जेवणानंतर पोटात काही जाऊ द्यायचं नाही. सकाळी कवळी असेल तर काढतात, टिकली काढून कपाळ पुसून घेतात. सलाईनची सुई लागते. छातीवर ईसीजीच्या चकत्या, बोटावर ऑक्सिजन मोजणारा चिमटा. आधी तोंडातली लाळ कमी करणारं औषध, मग थायोपेंटोन किंवा प्रोपोफॉल. बाई झोपते. एका पायाला, घोट्याच्या वर, रक्तदाबाचा पट्टा बांधून फुगवतात, म्हणजे पुढचं औषध त्या पावलापर्यंत पोचत नाही. त्यानंतर स्कोलीन, म्हणजे तेच सक्सिनिलकोलीन. हे औषध भिनताना दिसतं. पापण्यांपासून एक बारीक थरथर सुरू होते, गालांवरून, दंडांवरून उतरत पोटऱ्यांपर्यंत जाते. पोटऱ्या शांत झाल्या की भूलतज्ज्ञ मान हलवतो. दातांमध्ये रबरी गुटका बसवतात, कारण कानशिलावरच्या विजेने जबड्याचे स्नायू थेट आवळले जातात, त्यांना स्कोलीनही पूर्ण रोखत नाही.

कळ दाबली जाते. वीज काही सेकंद, ०.८ ते ०.९ अँपिअरच्या तुटक स्पंदनांत. एकेक स्पंदन एका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढं किंवा त्याहूनही छोटं असतं. बाईचं अंग जवळजवळ हलत नाही. हलतं ते फक्त पट्टा बांधलेलं पाऊल. आधी ताठ होतं, मग लयीत उडत राहतं, आणि डॉक्टर घड्याळाकडे पाहत सेकंद मोजतो. कागदावर मेंदूचा आलेख उंच टोकांनी भरून जातो आणि तीस-चाळीस सेकंदांनी एकदम सपाट होतो. फीट थांबली. या वेळात भूलतज्ज्ञ पिशवी दाबून ऑक्सिजन देत असतो. पाच-दहा मिनिटांत बाई डोळे उघडते. आपण कुठे आहोत हे तिला थोडा वेळ कळत नाही. डोकं जड, जबडा ठणकतो. तासाभराने चहा. ज्याने सिनेमातला शॉक पाहून भीती बाळगलेली असते, तो हे पाहून थोडा निराशच होईल.

असं दिवसाआड किंवा आठवड्यातून दोनदा, एकूण सहा ते बारा वेळा. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१७मध्ये अनेक देशांतल्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा एक लाख सत्रांमागे मृत्यूचं प्रमाण साधारण दोन निघालं. हा आकडा छोट्या शस्त्रक्रियेच्या भुलेएवढाच आहे.

आता परिणामाचं बोलू. भूल देऊन वीज न देणं, म्हणजे खोटी ईसीटी, आणि खरी ईसीटी यांची तुलना करणारे प्रयोग प्रामुख्याने १९७० आणि १९८०च्या दशकांत झाले. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटिश संशोधकांनी त्यांचं एकत्रित विश्लेषण छापलं. नैराश्य मोजायच्या हॅमिल्टन मापनपट्टीवर खऱ्या ईसीटीचे रुग्ण खोट्यापेक्षा सरासरी सुमारे १० गुणांनी जास्त सुधारले होते. गोळ्या आणि ईसीटी यांची थेट तुलना केली तेव्हा ईसीटी सुमारे ५ गुणांनी पुढे होती. या पट्टीवर नैराश्याच्या गोळ्या आणि खोट्या गोळ्या यांतला फरक २-३ गुणांच्या आसपास असतो, हे लक्षात घेतलं की या आकड्यांचं वजन कळतं. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत बी. एन. गंगाधर आणि सहकाऱ्यांनी १९८२मध्येच ईसीटीची तुलना इमिप्रामीन या गोळीशी केली होती. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला आणि तपासणाऱ्याला कळू न देता. ईसीटीचा गुण लवकर आला.

‘लवकर’ हा मुद्दा कागदावर किरकोळ दिसतो, पण पाणी सोडलेल्या बाईच्या उशाशी बसल्यावर त्याची किंमत कळते. अमेरिकेत २५३ रुग्णांच्या अभ्यासात निम्म्याहून अधिकांना पहिल्या तीन सत्रांतच उतार पडू लागला आणि शेवटी तीन-चतुर्थांश रुग्ण लक्षणमुक्त झाले. आणि गंमत अशी, की ज्यांना भ्रम असतात, ज्यांना नातेवाईक ‘पार गेलेली केस’ समजतात, त्यांनाच याचा गुण जास्त येतो. याच संशोधकांच्या अभ्यासात उपचार पूर्ण करणाऱ्या भ्रमयुक्त रुग्णांपैकी ९५ टक्के, आणि भ्रम नसलेल्यांपैकी ८३ टक्के बरे झाले. गोळ्यांचं नेमकं उलट आहे, आजार हटला नाही की त्यांचा गुण घटत जातो. अमेरिकेतल्याच एका मोठ्या अभ्यासात, दोन औषधं फुकट गेल्यावर तिसऱ्याने पूर्ण बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होतं, चौथ्याने १३. तरी आपण तिसरी, चौथी, पाचवी गोळी बदलत बसतो, कारण चिठ्ठीवर नाव बदलणं हे भूलतज्ज्ञाला बोलावण्यापेक्षा सगळ्यांनाच सोपं पडतं.

पण हे सुंदर आकडे संशोधन केंद्रांतले आहेत. न्यूयॉर्क परिसरातल्या सात नेहमीच्या रुग्णालयांत ३४७ रुग्ण पाहिले तेव्हा पूर्ण बरे झालेल्यांचं प्रमाण ३० ते ४७ टक्केच निघालं. उपचार लवकर थांबवले जात, विजेची मात्रा नीट ठरवली जात नसे. नाशिकचं काय असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

मात्रेची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण इथे या उपचाराचं खरं कोडं आहे. १९८०पर्यंत सर्वांचं मत असं की गुण फिटेने येतो, वीज फक्त निमित्त. मग हॅरॉल्ड सॅकाइम यांनी १९९३मध्ये दाखवलं की डोक्याच्या फक्त उजव्या बाजूला, फीट येईल एवढीच किमान वीज दिली, तर फीट अगदी व्यवस्थित येते आणि रुग्ण बरा होत नाही. गुण आला फक्त १७ टक्के जणांना. त्याच किमान मात्रेत दोन्ही कानशिलांवर दिली तर ६५ टक्क्यांना. पुढे त्यांनीच उजव्या बाजूची मात्रा किमान पातळीच्या सहापट केली, तेव्हा ती दोन्ही बाजूंच्या बरोबरीला आली, आणि स्मरणशक्तीला त्रास कमी झाला. म्हणजे फीट हवी, पण नुसती फीट पुरत नाही. ती कुठून उठते आणि किती जोराने, यावरही गुण ठरतो. नेमकं काय होतं यावर सिद्धांत बरेच आहेत. मेंदू फीट थांबवण्यासाठी जी यंत्रणा कामाला लावतो ती बळकट होते, स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागाचं आकारमान वाढतं, वगैरे. यातला कुठला खरा हे अजून ठरलेलं नाही. मेडुनांपासून नव्वद वर्षं झाली, उपचार पुढे आणि सिद्धांत मागे, हे अंतर कायम आहे.

टीकाकार काय म्हणतात? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन रीड यांचं म्हणणं असं, की खोट्या ईसीटीशी तुलना करणारे प्रयोग लहान, जुने आणि ढिले आहेत, आणि १९८५नंतर असा एकही झालेला नाही. हे खरं आहे. बचाव असा, की जेवण सोडलेल्या रुग्णाला महिनाभर खोटा उपचार देणं आज कुठलीही नैतिक समिती मान्य करणार नाही. हेही खरं. माझ्या मते रीड यांचा आक्षेप सौम्य आणि मध्यम नैराश्यासाठी ईसीटी वापरणाऱ्यांना लागू पडतो, निफाडच्या बाईला नाही. २०२२-२३मधले केटामिन या औषधाशी तुलना करणारे दोन प्रयोगही तेच सुचवतात. स्वीडनमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांत ईसीटीने ६३ टक्के बरे झाले, केटामिनने ४६. अमेरिकेत भ्रम असलेल्यांना वगळून, मुख्यतः घरून ये-जा करणाऱ्या रुग्णांवर प्रयोग केला, तेव्हा निकाल उलटला: गुण आलेले केटामिनमध्ये ५५ टक्के, ईसीटीत ४१. आजार जितका गहिरा तितकी ईसीटी उपयोगी.

राहिली स्मृती. याबाबत डॉक्टर आणि रुग्ण एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांना ओलांडून बोलतात. डॉक्टर म्हणतात, चाचण्यांत दिसणारी विस्मृती पंधरवड्यात भरून निघते. २०१०च्या ८४ अभ्यासांच्या विश्लेषणात तसंच निघालं. पण त्या चाचण्या बहुतांशी नवीन शब्द लक्षात ठेवण्याच्या असतात. रुग्णाची तक्रार वेगळी असते. तिला लेकीच्या साखरपुड्याला कोण कोण आलं होतं ते आठवत नाही. उपचाराच्या आधीच्या काही आठवड्यांतलं, कधी काही महिन्यांतलं, आयुष्य गाळलं गेलेलं असतं. लंडनच्या डायना रोझ स्वतः ईसीटी घेतलेल्या संशोधक. त्यांनी २००३मध्ये अनेक अभ्यास चाळून दाखवलं, की २९ ते ५५ टक्के रुग्ण टिकून राहिलेल्या विस्मृतीची तक्रार करतात, आणि प्रश्न कोण विचारतं, कधी विचारतं यावर उत्तर बदलतं. उपचार संपल्या संपल्या डॉक्टरनेच विचारलं तर रुग्ण ‘बरं आहे’ म्हणतो. न्यूयॉर्कच्या त्या ३४७ जणांमध्येही, दोन्ही कानशिलांवर आणि जुन्या पद्धतीच्या सलग लहरीच्या यंत्राने वीज मिळालेल्यांना सहा महिन्यांनंतरही तूट जाणवत होती. म्हणून नाशिकमधल्या नातेवाइकाने ‘करंट देणार का’ एवढ्यावर न थांबता ‘यंत्र कुठलं, एका बाजूला की दोन्ही बाजूंना’ हे विचारलं पाहिजे. ज्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येतो त्याच्याकडून ईसीटी घेऊ नये.

कायद्यातली एक अडचण इथे नोंदवतो. २०१७च्या कायद्यानुसार आणीबाणीचा उपचार म्हणून ईसीटी देता येत नाही. जुन्या गैरवापराकडे पाहता ही खबरदारी समजते. पण अन्नपाणी सोडलेली, संमती द्यायच्या स्थितीत नसलेली बाई हीच खरी आणीबाणी, आणि तिच्यासाठी आधी दाखल करण्याची रीतसर प्रक्रिया, मग तिने नेमलेल्या किंवा कायद्याने ठरलेल्या प्रतिनिधीची संमती, असा रस्ता घ्यावा लागतो. रस्ता बंद नाही, पण मुलाने सही करायला दोन दिवस घेतले तर ते दोन दिवस तिच्या खात्यातून जातात. सुरगाणा किंवा पेठसारख्या तालुक्यात आणखी एक अडचण: तिथे मनोविकारतज्ज्ञ नाही आणि भूलतज्ज्ञ असला तरी तो सिझेरियनला बांधलेला. प्रत्येक सत्रासाठी नाशिकला यायचं, उपाशीपोटी, सोबत एक माणूस, त्याचा रोज बुडवून.

आणि आठ सत्रं झाली, बाई उठली, स्वतः भाकरी थापू लागली, की पुढचा धोका सुरू होतो. ईसीटी आजार उतरवते, परत येण्यापासून रोखत नाही. सॅकाइम यांनी २००१मध्ये ईसीटीने बऱ्या झालेल्यांना सहा महिने पाहिलं. नुसती खोटी गोळी मिळालेल्यांपैकी ८४ टक्के पुन्हा आजारी पडले. नॉर्ट्रिप्टिलीन या नैराश्याच्या गोळीवर ६० टक्के, आणि सोबत लिथियम असेल तर ३९. दुसरा मार्ग म्हणजे ईसीटीच चालू ठेवणं, आधी आठवड्याने, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. २००६च्या अभ्यासात दोन्ही मार्ग जवळजवळ सारखेच ठरले.

नाशिक जिल्ह्यात बहुधा लिथियमचाच मार्ग निवडला जातो, कारण एसटीचं भाडं आणि भूल दोन्ही वाचतात. पण लिथियमची रक्तातली पातळी ठरावीक अंतराने तपासावी लागते, आदल्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देऊन. उन्हात राबून भरपूर घाम गेला आणि पाणी कमी पडलं की पातळी चढते. अंग दुखतं म्हणून गावातल्या दुकानातून घेतलेल्या डायक्लोफेनॅकनेही चढते. हात थरथरू लागले, जुलाब लागले, चालताना तोल जाऊ लागला तर ते ‘आजार उलटला’ असं समजून गोळी वाढवायची नाही, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं, हे सुट्टीच्या कागदावर मराठीत लिहून दिलेलं असावं लागतं. आणि तो कागद बाईजवळ एक आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सुनेजवळ एक, असा दोन प्रतींत द्यावा.